साळव्याचा रेडिओ आणि माझा फ्रीज

दर शनिवारी चारला पाच मिनिटं कमी असताना एक माणूस माझ्या घरात येतो. मला "सलाम, आक्का" म्हणतो, सरळ स्वयंपाकघरात जातो आणि माझा फ्रीज बंद करतो. मग फ्रीजचं दार उघडतो, कोथिंबिरीशेजारी आपल्या गाडीची किल्ली ठेवतो, दार लावतो आणि निघून जातो.

हे आठ वर्षं चाललं आहे. आठ वर्षांत त्याने एकदाही "बंद करू का?" असं विचारलेलं नाही.

माणसाचं नाव शांतवन साळवे. त्याच्या आईबापांनी हे नाव पोर पहिल्यांदा रडायच्या आत ठेवलं असणार. नंतर ऐकलं असतं तर दुसरं काहीतरी ठेवलं असतं. हा माणूस सकाळी लिफ्टवर चिडतो, कारण ती वाजते. दुपारी वरच्या मजल्यावरच्या मिक्सरवर चिडतो. आणि शनिवारी सगळ्या जगावर चिडतो, कारण शनिवारी त्याच्या रेडिओवर गाणी थेट जातात आणि जग गप्प बसत नाही.

आम्ही शारजात राहतो, अल नहदाला. मुलाची नोकरी दुबईत, घर इकडे, कारण इकडे भाडं कमी. साळवे आमच्या शेजारी, कंपनीने फोरमन लोकांसाठी घेतलेल्या फ्लॅटमध्ये. आधी तिघं होते. दोघं गेले. का गेले ते मला विचारू नका, त्यांच्याही घरात फ्रीज होता.

आता यातली गंमत ऐका. साळवे एसीचा मेकॅनिक आहे. तीस वर्षं त्याने या देशात दुसऱ्यांचे एसी चालू केले. आणि स्वतःच्या घरात शनिवारी एसी बंद. पंखा बंद. ऑगस्टमध्येसुद्धा. पाच-सहा माणसं त्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टेकवून बसलेली, घामाने चिंब, आणि मधे हा बाजाची पेटी घेऊन. मी एकदा म्हटलं, "अरे, माणसं मरतील." तर म्हणाला, "आक्का, माझं आयुष्य एसी चालू करण्यात गेलं. आठवड्यातून दोन तास तरी बंद करू द्या."

माझ्या फ्रीजचं दुखणं असं की त्याची भिंत आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे. फ्रीज हलवावा म्हटलं तर प्लग तिथेच. "तुमचा फ्रीज गुणगुणतो," असं तो पहिल्या दिवशी येऊन म्हणाला होता. मी म्हटलं, गुणगुणू दे, मी त्याला काही बोलत नाही. त्यावर त्याने फ्रीज बंद केला, पायातली चप्पल काढली आणि एक चप्पल माझ्या फ्रीजमध्ये ठेवली. दुधाशेजारी.

मी लाटणं हातात घेतलं होतं. खोटं सांगत नाही.

"पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून," तो म्हणाला. "चपलेशिवाय मी घरी कसा जाणार?"

"तू शेजारी राहतोस! अनवाणी जाशील आणि माझं दूध नासेल!"

यावर त्याने विचार केला. माझं म्हणणं त्याला पटलं, एवढं एकदाच पटलं, आणि तेव्हापासून गाडीची किल्ली. किल्लीशिवाय रविवारी कामावर जाता येत नाही, त्यामुळे तो येतोच. किल्ली काढतो, फ्रीज चालू करतो, "खलास, आक्का" म्हणतो आणि जातो. आभार वगैरे काही नाही.

रेडिओचा इतिहास मीच सांगते. तो स्वतः सांगायला लागला की दर वेळी वेगळा सांगतो आणि मधेच कोणावर तरी चिडून अर्ध्यावर सोडतो.

सुरुवात त्या पेटीपासून झाली. पेटी त्याच्या वडिलांची. नगर जिल्ह्यात बोरवाडी म्हणून गाव आहे, तिथले. वडील गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं करायचे. वडील गेल्यावर साळव्याला इकडची नोकरी लागली, तेव्हा हा कपडे कमी आणि पेटी गोधडीत गुंडाळून घेऊन आला. विमानतळावर अडवलं. "खोलो." उघडली. "बजाओ." याने तिथेच, मांडी घालून, भजन वाजवलं. मागे माणसांची रांग. तो अधिकारी पूर्ण भजन होईपर्यंत ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "खलास. यल्ला, जाओ." अरबीतले हे दोन शब्द साळवे त्या दिवशी शिकला. तिसरा अजून शिकलेला नाही.

मग लेबर कॅम्प. एका खोलीत आठ माणसं, पलंगावर पलंग. सुट्टीच्या दिवशी आपल्याकडची ख्रिस्ती पोरं जमायची आणि हा वाजवायचा. जुनी गाणी, आपल्या चर्चमधली, ओवीच्या चालीवरची, अभंगाच्या चालीवरची. एकाकडे टेपरेकॉर्डर होता, त्यावर कॅसेटी भरल्या. कोणी सुट्टीवर निघालं की साळवे त्याच्या बॅगेत कॅसेटी कोंबायचा. एक कॅसेट मात्र वेगळी काढून द्यायचा. "ही बोरवाडीला चर्चच्या पायरीवर ठेव." कोणाला द्यायची, ते सांगायचा नाही. पोरं म्हणायची, पायरीला गाणं ऐकवतो काय हा?

पुढे कॅसेटी गेल्या, मोबाइल आले. अल बर्शात रोहन पंडित म्हणून कॉम्प्युटरवाला राहतो, आमच्याच चर्चचा. त्याने सांगितलं की आता मोबाइलवर रेडिओ काढता येतो, जगात कुठेही ऐकू जातो. साळव्याला वाटलं हा थट्टा करतो आहे, म्हणून आधी त्याच्यावर चिडला. मग तीन महिने त्याच्या मागे लागला. रेडिओचं नाव ठेवलं 'दिवटी'. रोज गाणी लावलेली असतात, शनिवारी चारला थेट.

आता या रेडिओचे नियम. मंगळवारी रेडिओ बंद. पूर्ण दिवस. का? "मंगळवारी बंद." आणि रोज दुपारी साडेचार ते पावणेपाच रेडिओ बंद. शनिवारीसुद्धा! म्हणजे चारला थेट गाणी सुरू करायची, माणसं जरा कुठे लयीत येतात, तोच साडेचारला हा हात वर करतो. "पंधरा मिनिटं शांतता." आणि सगळे त्या भट्टीत गप्प. पाणी प्यायचं नाही, ग्लास वाजतो. पावणेपाचला पुन्हा सुरू. मी विचारलं, "ही कसली पद्धत?" तर म्हणाला, "हे रेडिओ स्टेशन आहे, आक्का. स्टेशनला टाइमटेबल असतं."

माझी नात इवा इथेच वाढली. ती मोबाइल बघून म्हणाली, "आजी, ही हॅज ओन्ली थ्री लिसनर्स. अँड वन इज मी, बाय मिस्टेक."

गाणाऱ्यांत मुख्य एलिया. अजमानला शिवणकाम करतो, बेचाळीस वर्षांचा, अंगाने फाटका, आवाज मात्र घागरीत बोलल्यासारखा. या एलियाची साळव्याने केलेली दशा मी भिंतीतून ऐकलेली आहे. गाणं चढायला लागलं, वरच्या सुरावर गेलं की पेटीतून एक सूर लांबायचा, सुटायचाच नाही, आणि सगळं गाणं वाकडं व्हायचं. साळवे लगेच, "एलिया! बेसूर!"

"मामा, पेटी चिकटली."

"पेटी बेसूर नसते. माणूस बेसूर असतो."

हे वाक्य मी दर शनिवारी ऐकलं आहे. एलिया बिचारा घरी जाऊन गुळण्या करायचा. मला संगीतातलं काही कळत नाही, मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत गेले आणि पुढे बोर्डिंगात भाकऱ्या थापल्या. पण चिकटलेली पट्टी आणि चुकलेला माणूस यातला फरक मलासुद्धा कळतो. साळव्याला कळत नव्हता का? कळत होता. वडिलांच्या पेटीला कोणी नाव ठेवलेलं त्याला चालत नव्हतं, म्हणून तो माणसाला नावं ठेवत होता. याचा मला संताप यायचा.

तर गेल्या जुलैमधली गोष्ट. मुलगा अजमानच्या बाजारातून सुरमई घेऊन आला. तीस दिरहम किलो, म्हणजे झाले आपले सातशे रुपये, असं दारातच मोठ्याने सांगून त्याने ती माझ्या हातात दिली. शनिवार होता. चारला साळवे आला, फ्रीज बंद. नेहमी सहापर्यंत संपतं. त्या दिवशी ती पट्टी सात वेळा चिकटली, एलियाला सात वेळा शिव्या बसल्या आणि साडेसात वाजले. सुरमईचं काय झालं ते लिहीत नाही. खिडक्या उघडून बसावं लागलं, जुलैमध्ये, शारजात.

पुढच्या शनिवारी मी ठरवूनच बसले. साळवे आला, फ्रीज बंद केला, किल्ली ठेवली, गेला. पलीकडे गाणं सुरू झालं. मी उठले, किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि फ्रीज चालू केला. घुंऽऽ. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी खुर्ची घेऊन त्याच्याशेजारीच बसले.

अर्ध्या तासाने, त्या शांततेच्या वेळात, त्याला भिंतीतून ऐकू आलं. आला, तो लालबुंद.

"आक्का! हा आवाज गेला! सगळा गेला तिकडे!"

"जाऊ दे."

"कोणी ऐकला असेल तर?"

"कोण ऐकतंय, साळवे?" मी म्हटलं. "तीन माणसं. त्यातली एक माझी नात, आणि ती चुकून. कोण ऐकतंय तुझं?"

मला वाटलं आता ओरडेल. मी तयारच होते. पण त्याने टेबलावरची किल्ली घेतली आणि गेला. "खलास" म्हणाला नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा.

नंतर पंधरा दिवसांनी रोहन पंडित आला. साळव्याच्या घरात एसी बंद, म्हणून बैठक माझ्या हॉलमध्ये. रोहन गोड बोलतो, पण त्याचं बोलणं म्हणजे ऑफिसची मीटिंग. "अंकल, ग्रोथ नाही. मंगळवार ऑफ, रोज पंधरा मिनिटं डेड एअर, कोण थांबणार? यंग लोकांना गिटार पाहिजे. आपण नाव बदलू, टाइमिंग बदलू, सगळं फ्रेश करू. नाहीतर मला हे चालवण्यात अर्थ दिसत नाही. नाताळपर्यंत डिसाइड करा."

"मंगळवार बंदच राहणार," साळवे म्हणाला.

"पण का, अंकल?"

"बंद म्हणजे बंद."

"अंकल, ऐकतंय कोण पण?"

साळव्याने माझ्याकडे बघितलं. "आक्कापण तेच म्हणतात," तो म्हणाला. "मग नाताळला बंद करून टाकू. गाणी नको, गिटार नको, काही नको. पेटी विकून टाकतो." आणि उठून गेला.

मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे समजा. रोहन गेल्यावर सुनेने विचारलं, "आई, बरं नाही का?" तिच्यावरच ओरडले.

नोव्हेंबरमध्ये भावाच्या नातीच्या लग्नाला मी नगरला गेले. लग्न उरकलं. मंगळवारी भाच्याच्या जीपमधून पुढच्या गावी निघालो तर रस्ता बंद. सगळा बाजार रस्त्यावर. मेथी, बोंबील, बांगड्यांच्या गाड्या, कोंबड्या. मी भाच्याला विचारलं, "हे कुठलं गाव?"

"बोरवाडी. मंगळवारचा बाजार आहे, आत्या. तास मोडणार आता."

मी जीपमधून उतरले. भाचा म्हणाला, कुठे चाललीस? म्हटलं, असला माणूस कुठल्या घरात निपजतो ते बघून येते.

साळव्याने मला घरचं कधी सांगितलं नव्हतं. एकदा विचारलं तर "कोणी नाही" म्हणाला, लग्न केलेलं नाही, विषय संपला. बाजारात एका भाजीवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साळव्यांचं घर? ते काय, चर्चच्या मागं. मार्थाबाई असतील, शांतवनची थोरली बहीण. पण जपून बोला, लई तापट हाय बाई."

मी मनात म्हटलं, पत्ता बरोबर आहे.

मार्थाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. ऐंशीच्या घरातली, काटकुळी, कानात मशीन. बाजाराची पिशवी शेजारी, अजून रिकामी केलेली नव्हती. मला बघून म्हणाली, "औषध विकायला आलीस का? मला नको."

"मी शारजाहून आले. शांतवनच्या शेजारी राहते."

तिने लसूण सोलायचं थांबवलं नाही. "मेला का तो?"

"नाही. चांगला ओरडतो आहे."

"मग बस."

मी बसले. घर एका खोलीचं. कॉटखाली पत्र्याची ट्रंक, झाकण अर्धं उघडं, आत कॅसेटी, वर्तमानपत्रात गुंडाळून नीट लावलेल्या. आणि चुलीजवळच्या फळीवर स्टीलचं एक पातेलं, त्यात मोबाइल उभा करून ठेवलेला. पातेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो, आमच्याकडे बोर्डिंगातल्या मुली ट्रान्झिस्टर असाच ठेवायच्या.

"ऐकतेस का तू?" मी विचारलं.

"चर्चमधल्या पोरांनी लावून दिलाय. पण आज मंगळवार. आज तो गप्प असतो. मी बाजारात असते ना." मग म्हणाली, "त्याला सांग, पेटीची मधली तिसरी काळी चिकटते."

"त्याला माहीत आहे."

"माहीत आहे तर नीट का करत नाही? बाबा असतानाच चिकटायची ती. दमट हवा लागली की लाकूड फुगतं. बाबा नाताळची मेणबत्ती घ्यायचे आणि पट्टीच्या कडेला मेण घासायचे. हे त्याला कुठून माहीत असणार? तो तेव्हा चिंचा पाडत हिंडायचा. थोरली मी, बाई म्हणायचा मला. पेटी मी वाजवायचे." लसणीचं साल तिने रागाने फुंकलं. "रविवारी चर्चमध्ये मीच वाजवायचे. गेला तेव्हा न विचारता घेऊन गेला. सकाळी उठले तर जागा मोकळी. पत्र लिहिलं मी त्याला. म्हटलं, पेटी नेलीस ना? आता तोंड दाखवू नकोस."

"मग?"

"मग काय? नाही दाखवलं." 

तीस वर्षं. या दोघांनी तीस वर्षं एका वाक्यावर काढली. मी म्हटलं, "अगं, मग तू फोन का करत नाहीस?"

"पेटी त्याने नेली. मी का करू?"

मला असा राग आला की तिच्या हातातला लसूण घेऊन सोलायला लागले. दोघंही एका मातीची ढेकळं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "एक विचारायचं होतं. पावसाळ्यात एका शनिवारी भुंगा शिरला होता का तिथं?"

"भुंगा?"

"गाण्याच्या मागं सारखं घुं घुं. या मशीनला असलं काही चालत नाही, गाणं राहतं बाजूला आणि तेवढंच मोठं ऐकू येतं. आधीच्या वेळी कधी नसतं. तेवढ्या बाबतीत तो चांगला, बाकीच्या आवाजाचं एक टिपूस येऊ देत नाही. त्या दिवशी मात्र एक शब्द कळला नाही मला. वाट बघून बघून मोबाइल बंद केला."

माझ्या हातातली लसणीची पाकळी खाली पडली. ती उचलली, पुसली, वाटीत टाकली.

मग मार्थाबाईने खुंटीवरची किल्ली घेतली. "घंटेची वेळ झाली," म्हणाली. चर्चची घंटा तिच्याकडेच. मीही मागोमाग गेले. दोरी ओढताना तिचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटायचे, इतकी हलकी बाई. माझ्या मोबाइलवर बघितलं, सहा वाजले होते. म्हणजे शारजात साडेचार.

घंटा वाजवून, चर्च झाडून, कुलूप लावून परत यायला तिला पंधरा मिनिटं लागली.

शारजाला परत आले ती गुरुवारी. शुक्रवारी साळव्याचं दार वाजवलं. तो भिंतीच्या गाद्या काढत होता. नाताळ जवळ आला होता. पेटी गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली.

"सलाम, आक्का. फ्रीज बिघडला का?"

"बोरवाडीला गेले होते."

गादी त्याच्या हातात तशीच राहिली.

"मंगळवार होता," मी म्हटलं.

"मग बाजार असेल," तो म्हणाला. हळूच.

"होता. पेटीची मधली तिसरी काळी चिकटते म्हणून निरोप आहे. दमट हवेने लाकूड फुगतं. नाताळच्या मेणबत्तीचं मेण कडेला घासायचं, तुझे वडील तसंच करायचे. तुला माहीत नसणार, तू चिंचा पाडत हिंडायचास, असंही सांगितलं आहे."

तो खाली बसला. गादीवर नाही, फरशीवर.

"आणि विचारलं आहे की पावसाळ्यात एका शनिवारी भुंगा शिरला होता का?"

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार? गप्प बसले." मग म्हटलं, "माझा फ्रीज होता तो, हे तूच सांग."

"भुंगा ऐकू आला तिला?"

"आला."

"इथला? माझ्या रेडिओवरचा?"

"दुसरा कुठला? कानाला मशीन आहे तिच्या. असला आवाज असला की एक शब्द कळत नाही म्हणाली."

"भुंगा ऐकू आला," तो पुन्हा म्हणाला. आणि एकदम उठून माझ्यावर ओरडला. "सांगत होतो ना, आक्का! आठ वर्षं सांगत होतो! आवाज जातो! जातो की नाही? तुम्हाला वाटायचं साळव्याचं डोकं फिरलंय! जातो की नाही आवाज?"

"जातो, बाबा, जातो," मी म्हटलं. एवढं मी आयुष्यात कोणाचं मान्य केलेलं नाही. डोळे त्याचे लाल झाले होते, पण ते रागाने नेहमीच होतात, म्हणून मी तिकडे बघितलं नाही. घरी आले आणि ड्रॉवरमधून गेल्या नाताळची अर्धी मेणबत्ती काढून त्याच्या दाराशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. चारला पाच कमी असताना साळवे आला तेव्हा फ्रीज मी आधीच बंद केलेला होता. त्याने फ्रीजला हात लावून बघितलं, माझ्याकडे बघितलं, कोथिंबिरीशेजारी किल्ली ठेवली. मी त्याच्यामागून त्याच्या घरात गेले आणि दाराशेजारच्या खुर्चीवर बसले. बोलावलं नव्हतं. आत एलिया होता, बाकीचे तीन-चार होते, आणि रोहन पंडितही होता, घामाने शर्ट चिकटलेला, काय ठरलं ते विचारायला आलेला. गाद्या पुन्हा भिंतीला लागलेल्या.

साळव्याने माइक ओढला, खाकरला आणि चिडक्या आवाजात, नोटीस वाचावी तसं बोलायला लागला.

"दिवटी रेडिओ. पेटीची मधली तिसरी काळी पट्टी दुरुस्त केली आहे. आजपर्यंत जे बेसूर झालं ते पेटीमुळे झालं. माणसांमुळे झालेलं नाही. एलिया टेलर यांनी नोंद घ्यावी. जुलैमध्ये आला तो भुंगा नव्हता, शेजारचा फ्रीज होता. तोही बंद केला आहे."

एलियाने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग गाणं सुरू झालं. वरच्या सुरावर गेलं, सगळ्यांनी श्वास धरला, आणि पट्टी गेली खाली आणि आली वर, लोण्यासारखी. एलिया गाताना रडत होता की घाम होता, त्या खोलीत सांगता येत नाही.

साडेचार झाले. साळव्याने हात वर केला. रोहन हळूच म्हणाला, "अंकल, प्लीज, आज तरी ब्रेक नको, इतकं छान चाललंय." साळव्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. दर वेळी "पंधरा मिनिटं शांतता" म्हणतो, तेही म्हणाला नाही. माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"बाई," तो म्हणाला, "जाऊन ये. मी थांबतो."

मग गप्प बसला, दोन्ही हात पेटीवर ठेवून.

माझ्या फ्रीजमध्ये दोन किलो मटण होतं. मानेवरून घाम पाठीत उतरत होता. समोर पाण्याचा ग्लास होता आणि घसा कोरडा पडला होता. मी ग्लासाला हात लावला नाही.